शरम, शुगर आणि गोळी

कुठल्याही तालुक्याच्या गावात एस.टी. स्टँडच्या मागच्या भिंती वाचत जा. एरवी मराठीत बोलणारे गाव या एका विषयावर मात्र हिंदी-उर्दूत बोलते. ‘मर्दाना कमजोरी’, ‘शादी से पहले, शादी के बाद’, ‘शर्तिया इलाज’, आणि खाली एक मोबाईल नंबर. लॉजचे नाव, महिन्यातले दोन वार. या भिंतींसमोरून आपण रोज जातो, पोरांना शाळेत सोडतो, पण त्या वाचल्याचे कुणी कबूल करत नाही. भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलेली गोष्ट घरात कुजबुजीतही बोलली जात नाही.

मी आज त्याच विषयावर लिहितो आहे. काही वाचकांना हे आवडणार नाही याची मला कल्पना आहे. पण एक गोष्ट माझ्या घरात घडली आणि दुसरी माझ्या साडूच्या घरात. त्या दोन्हींनंतर गप्प बसणे मला योग्य वाटत नाही. साडूभाईंची आणि माझ्या बायकोची परवानगी घेऊनच हे लिहिले आहे.

आधी शब्दांबद्दल. लिंगाला पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे, ही एक शारीरिक तक्रार आहे. पण आपल्याकडे तिला साधे नाव नाही. मराठीत ‘नपुंसकता’ आणि आपल्या मोहल्ल्यात ‘नामर्दी’. दोन्ही शब्द आजाराचे कमी आणि शिवीचे जास्त. मुतखडा झालेल्या माणसाला कुणी नामर्द म्हणत नाही. चष्मा लागला म्हणून कुणाची मर्दानगी कमी होत नाही. मग एका रक्तवाहिनीत रक्त नीट पोहोचत नाही, एवढ्यावरून माणसाच्या सगळ्या पुरुषपणावर शिक्का का मारायचा? शब्दच असा असेल तर माणूस डॉक्टरकडे जाणार नाही, तो भिंतीवरच्या नंबरलाच फोन करणार.

मला शुगर आहे. बावन्नाव्या वर्षी, शुगरला नऊ वर्षे झाल्यावर, ही तक्रार सुरू झाली. सुरुवातीला शाळेची दगदग, मग परीक्षांचे पेपर, मग मुलीच्या लग्नाची काळजी, अशी कारणे मनाशी जोडत गेलो. पण माझी नेहमीची तपासणी करणारे डॉक्टर हुशार निघाले. पायाच्या तळव्यांना मुंग्या येतात का, दृष्टी धूसर होते का, हे जसे विचारले, तसेच त्याच आवाजात त्यांनी विचारले, “आणि संबंधाच्या वेळी ताठरता येते का व्यवस्थित?” इतक्या सहज विचारले की माझ्याही तोंडून सहजच “नाही, वर्षभर झालं” असे निघून गेले. त्यांनी मान वर न करता कागदावर लिहून घेतले. मला वाटते, त्या न पाहण्यातच अर्धा इलाज होता.

त्यांनी विचारलेला पुढचा प्रश्न मला नवा होता. सकाळी जाग येते तेव्हा आपोआप ताठरता असते का? असेल, तर शरीराची यंत्रणा बहुधा शाबूत असते आणि कारण मनाच्या बाजूला शोधायचे. ती हळूहळू सकाळचीही कमी झाली असेल, तर रक्तवाहिन्या, नसा, हार्मोन यांच्याकडे बघायचे. माझे दुसऱ्या प्रकारचे होते.

मग त्यांनी जे समजावले ते प्रत्येक शुगरवाल्याने ऐकावे असे आहे. ताठरता म्हणजे रक्ताचा खेळ. मेंदूकडून संदेश येतो, नसांच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, त्याने तिथले स्नायू सैल पडतात, रक्त आत भरते आणि तिथेच अडवले जाते. शुगर ही नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही खराब करते. बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू तेच काम दुसऱ्या बाजूने करतात. लिंगातल्या धमन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद, हृदयाच्या धमन्या तीन-चार मिलिमीटरच्या. गाळ साचायला लागला की आधी बारीक पाइप तुंबतो. म्हणून ताठरतेची तक्रार कित्येकदा छातीत दुखण्याच्या काही वर्षे आधी येते. डॉक्टर म्हणाले, “सर, ही तक्रार घेऊन आलात ते बरं केलंत. हिच्यामागून हृदय येत असतं.”

म्हणून गोळी लगेच मिळाली नाही. आधी तीन महिन्यांची सरासरी शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी, ईसीजी, पट्ट्यावर चालवून हृदयाची चाचणी आणि सकाळच्या वेळचे टेस्टोस्टेरॉन. चालू असलेल्या गोळ्यांची यादीही त्यांनी तपासली, कारण बीपीच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनीही ताठरता कमी होते. (म्हणून अशी गोळी मनानेच बंद करायची नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची.) सगळे बघून झाल्यावर शुगरची औषधे बदलली, रोज पाऊण तास चालायला लावले आणि मग चिठ्ठीवर ती गोळी लिहिली.

ही तक्रार माझ्या एकट्याची नव्हती, हे समजले तेव्हा मला खूप हलके वाटले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात 1987 ते 1989 या काळात 40 ते 70 वर्षांच्या पुरुषांची पाहणी झाली होती. त्यात निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे 52 टक्के पुरुषांना ही तक्रार कमी-अधिक प्रमाणात होती. म्हणजे जुम्म्याच्या नमाजला पन्नाशीतल्या माणसांच्या सफीत मी उभा असतो, तेव्हा या दुखण्यात मी एकटा नसणार. फक्त कुणी कुणाला सांगत नाही.

गोळीची कहाणीही सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या सँडविच या गावी फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत सिल्डेनाफिल हे औषध शोधले गेले ते हृदयाच्या दुखण्यासाठी. छातीच्या कळेवर त्याचा फारसा उपयोग दिसला नाही, पण चाचणीत भाग घेतलेले पुरुष वेगळाच परिणाम सांगू लागले. 27 मार्च 1998 रोजी अमेरिकेत ते व्हायग्रा या नावाने मंजूर झाले. शरीरात नायट्रिक ऑक्साइड कसे काम करते या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन शास्त्रज्ञांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले तेही त्याच वर्षी. आपल्याकडे 2005 पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, त्यामुळे भारतीय कंपन्यांनी ही गोळी स्वतः बनवली आणि ती स्वस्त झाली. स्वस्त झाली ही चांगली गोष्ट. पण स्वस्त झाल्यामुळे ती चॉकलेटसारखी विकली जाऊ लागली, ही वाईट.

आता साडूभाईंची गोष्ट.

त्यांचे वय एकसष्ट. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. छातीत दुखले तर जिभेखाली ठेवायची गोळी कायम खिशात. एका रात्री इशानंतर छाती जड झाली, घाम फुटला. जिभेखालच्या गोळीची डबी दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात राहिली होती. ती शोधण्यात वेळ न घालवता मुलाने गाडी काढली आणि मला फोन केला. मी पोहोचलो तेव्हा ते अपघात विभागात खाटेवर होते. भोवती मुलगा, सून, जावई. तरुण डॉक्टरने ईसीजी लावता लावता विचारले, “काका, गेल्या दोन-तीन दिवसांत ताकदीची, संबंधासाठीची कुठली गोळी घेतलीय का? व्हायग्रासारखी?”

साडूभाईंनी मुलाकडे पाहिले, सुनेकडे पाहिले आणि म्हणाले, “तौबा, तौबा. नाही.”

तेव्हा माझी मेहुणी, जिने आयुष्यात परक्या पुरुषासमोर मोठ्याने बोललेले मी ऐकले नव्हते, ती पदर सावरत पुढे झाली आणि म्हणाली, “डॉक्टरसाहेब, घेतली आहे. काल रात्री. पाकीट मला कुर्त्याच्या खिशात सापडलं.” सून मान खाली घालून बाहेर गेली. डॉक्टरने फक्त “थँक यू काकू” म्हटले, नर्सला हात केला आणि नायट्रेटचे औषध बाजूला ठेवून दुसरे उपचार सुरू केले. तीन दिवसांनी साडूभाई घरी आले. अलहम्दुलिल्लाह, आज ठीक आहेत.

नंतर त्यांच्याशी बोललो तेव्हा कळले की ‘नाही’ म्हणण्यात फक्त शरम नव्हती. ते म्हणाले, “अरे, कालची गोळी. आज तिचा काय संबंध?” त्यांना वाटले, काम झाले म्हणजे गोळी संपली. पण त्यांनी घेतली होती ती टॅडालाफिल, वीस मिलिग्रॅमची. तिचा परिणाम छत्तीस तासांपर्यंत राहतो. ती कुठे मिळाली? एका दोस्ताने दिली. दोस्ताला? मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय. ज्या माणसाच्या हृदयात स्टेंट आहे आणि खिशात जिभेखालची गोळी आहे, त्याला ही गोळी देताना वाटेत कुणीही एक प्रश्न विचारला नाही.

धोका काय होता, ते मी माझ्या भाषेत सांगतो. छातीच्या कळेसाठी दिली जाणारी नायट्रेट औषधे, म्हणजे सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीन, आयसोसॉर्बाइड वगैरे, शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडून रक्तवाहिन्या पसरवतात. ताठरतेच्या गोळ्या त्याच साखळीतल्या पुढच्या पदार्थाचा निचरा थांबवतात. एकीने नळ पूर्ण सोडायचा आणि दुसरीने मोरीला बोळा घालायचा. दोन्ही एकदम झाले की पाणी घरभर होते. इथे रक्तवाहिन्या एवढ्या पसरतात की बीपी धाडकन कोसळते, आणि ज्या हृदयाला आधीच रक्त कमी पडते आहे त्याला आणखी कमी मिळते. यात माणूस जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतली असेल तर किमान चोवीस तास आणि टॅडालाफिल घेतली असेल तर किमान अठ्ठेचाळीस तास नायट्रेट द्यायचे नसते, हे डॉक्टरांचे ठरलेले पथ्य आहे. पण डॉक्टरला माहीतच नसेल तर तो पथ्य पाळणार कसे?

याचा अर्थ हृदयाचा आजार असलेल्या प्रत्येकाला ही गोळी बंद, असा नाही. ज्यांचे दुखणे आटोक्यात आहे, नायट्रेट चालू नाही आणि दोन जिने भराभर चढून छातीत दुखत नाही, दम लागत नाही, अशा बऱ्याच जणांना हृदयाचे डॉक्टर ती देतात. निर्णय मात्र त्यांचा. दोस्ताचा नव्हे.

मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. पण माझ्या डॉक्टरांनी मला जे शिकवले आणि पुढे मी जे वाचून, विचारून पक्के केले, ते इथे ओळीने मांडतो.

नायट्रेट कुठल्याही रूपात चालू असेल, रोजची गोळी असो, जिभेखालची असो किंवा फवारा, तर ताठरतेची गोळी घ्यायची नाही. निकोरँडिल नावाची हृदयाची गोळीही याच वर्गात धरायची.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी किंवा बीपीसाठी प्राझोसिनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगायचे. दोन्हींमुळे बीपी उतरते, उभे राहताच चक्कर येऊन पडायला होते. अशा वेळी डॉक्टर कमी ताकदीने सुरुवात करतात.

सिल्डेनाफिल साधारण पन्नास मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि तासभर आधी घेतात. पासष्टच्या पुढचे वय, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा मोठा आजार असेल तर पंचवीसपासून. चोवीस तासांत एकदाच. ‘एकाने झालं नाही म्हणून दुसरी’ हे चालत नाही. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स, बुरशीवरची काही औषधे आणि एचआयव्हीची काही औषधे यांच्यामुळे हिचे रक्तातले प्रमाण खूप वाढते, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी सांगायची.

सिल्डेनाफिल तेलकट जेवणावर घेतली तर उशिरा आणि कमी लागू पडते. आपल्या लोकांसाठी हे फार महत्त्वाचे. वलीम्याची बिर्याणी किंवा निहारी खाऊन आल्यावर घेतलेली गोळी बराच वेळ पोटातच रेंगाळते, माणूस समजतो गोळी बोगस आहे आणि दुसरी घेतो. रमजानमध्येही हाच मुद्दा. रात्रीचे दांपत्यजीवन रमजानमध्ये मना नाही, पण इफ्तारच्या भज्यांवर आणि दिवसभराच्या कोरड्या शरीरावर ही गोळी कशी घ्यायची, हे शुगर-बीपीवाल्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. टॅडालाफिलला जेवणाचे बंधन नाही. तिची रोज घ्यायची कमी ताकदीची गोळीही असते.

गोळी इच्छा निर्माण करत नाही. मनात ओढ नसेल, जवळीक नसेल तर ती काही करत नाही. आणि पहिल्या वेळी उपयोग झाला नाही म्हणून निराश व्हायचे नाही, योग्य पद्धतीने काही वेळा घेऊन मगच डॉक्टरांशी ताकद वाढवण्याबद्दल बोलायचे.

डोके दुखणे, चेहरा गरम होणे, नाक चोंदणे, पित्त, क्वचित सगळे थोडे निळसर दिसणे, टॅडालाफिलने पाठ दुखणे, हे होऊ शकते आणि ओसरते. पण चार तासांहून जास्त वेळ ताठरता उतरली नाही, अचानक एका डोळ्याने दिसेनासे झाले, ऐकू येईनासे झाले किंवा छातीत दुखले, तर त्याच क्षणी दवाखाना. रात्रीचे तीन वाजले असतील तरी. आणि तिथे पहिले वाक्य हेच : अमुक गोळी, अमुक वाजता घेतली आहे.

मेडिकलमधून घ्यायची तर चिठ्ठीवर आणि बिलासह, पाकिटावरचे नाव, बॅच नंबर, मुदत बघून. सुटी कापून दिलेली गोळी नको. ‘डबल पॉवर’ म्हणून मिळणाऱ्या जोडगोळ्यांत बऱ्याचदा दुसरे औषध, डॅपॉक्सेटिन, मिसळलेले असते. ते शीघ्रपतनासाठी असते, त्याने भोवळ येऊ शकते. ज्याची गरज नाही ते कशाला घ्यायचे?

आता आपल्या लाडक्या माजून आणि कुश्त्यांबद्दल. यूनानी वैद्यकाबद्दल मला आदर आहे. नाडी बघणारा, आहार विचारणारा, रीतसर शिकलेला हकीम वेगळा आणि मधाच्या बाटलीवर घोड्याचे चित्र छापणारा वेगळा. जुलै 2022 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मधाची अशी पाकिटे विकणाऱ्या चार कंपन्यांना ताकीद दिली. वर ‘नैसर्गिक’ लिहिलेले होते आणि आत सिल्डेनाफिल-टॅडालाफिल सापडले, कुठलाही उल्लेख न करता. विचार करा, साडूभाईंसारखा माणूस गोळीला घाबरून ‘साधा मध’ म्हणून असे पाकीट घेतो आणि डॉक्टरला खरेपणाने सांगतो, “मी कुठलीच गोळी घेतली नाही.” तिथे मेहुणीलाही काही सांगता आले नसते. धातूंपासून केलेले कुश्ते जाणकाराच्या देखरेखीशिवाय घेतले तर मूत्रपिंड जाते, हा धोका वेगळाच.

भिंतीवरच्या जाहिराती मुळात बेकायदा आहेत, हेही बहुतेकांना माहीत नसते. 1954 चा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला मनाई करतो. हमदर्द दवाखान्याने या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. 1959 साली न्यायालयाने कायद्यातला काही भाग रद्द केला, पण स्वतः औषधोपचार करत बसण्यापासून लोकांना वाचवण्याचा त्यामागचा हेतू मान्य केला आणि अशा व्यापारी जाहिरातींना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कवच दिले नाही. कायदा साठ-सत्तर वर्षांपासून आहे. भिंती तशाच रंगत आहेत. कारण तक्रार करायला जाणाऱ्याला विचारतील, ‘तुला कशाला लागत होतं?’

आता जो आक्षेप मला ऐकावा लागणार आहे, त्याकडे येतो. ‘सर, हया नावाची काही चीज आहे की नाही?’

आहे. हया ईमानचा भाग आहे हे मी मानतो. पण हयाचा अर्थ उघडेपणा टाळणे, जीव धोक्यात घालणे नव्हे. अन्सारच्या बायका शरमेपायी दीन समजून घेण्यात मागे राहिल्या नाहीत, म्हणून हजरत आयेशांनी त्यांची तारीफ केली होती. उम्मे सुलैम यांनी स्त्रीच्या अगदी खासगी बाबीबद्दल थेट रसूलुल्लाहांना प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तरही मिळाले. वुजू, गुस्ल, हैज यांवर आपल्या किताबांत जितक्या मोकळेपणाने लिहिले आहे, तितके मोकळे आपण आज डॉक्टरसमोरही नसतो. औषधोपचार करा, म्हातारपण सोडून प्रत्येक आजाराला इलाज ठेवला आहे, या आशयाची हदीस आपण शुगरच्या शिबिरात ऐकवतो. या आजारासाठी तिला अपवाद कुठे आहे?

उलट फिकहने या तक्रारीकडे किती समजूतदारपणे पाहिले ते बघा. ताठरता नसलेल्या पतीला तिथे ‘इन्नीन’ म्हणतात. बायको काजीकडे गेली तर तिची तक्रार बेशरमपणा मानली जात नाही, तो तिचा हक्क आहे. पण पतीलाही लगेच धिक्कारले जात नाही. हजरत उमर यांच्या फैसल्याचा आधार घेऊन त्याला एक वर्षाची मुदत दिली जाते. फकिहांनी कारणही दिले आहे : वर्षात सगळे ऋतू येऊन जातात, दुखणे शरीराच्या प्रकृतीचे असेल तर एखाद्या ऋतूत तरी बरे होईल. म्हणजे त्यांनी हे दुखणे मानले, कलंक नव्हे. तिला हक्क आणि त्याला उपचाराचा वेळ. 1939 च्या मुस्लीम विवाहविच्छेद कायद्यातही हीच गोष्ट आली आहे. लग्नाच्या वेळी पती असमर्थ असेल आणि तसाच राहिला असेल तर पत्नी तलाक मागू शकते, पण पतीने अर्ज केला तर न्यायालय त्याला बरे झाल्याचे दाखवण्यासाठी वर्षाची मुदत देते. जुन्या काजीपाशी आणि इंग्रजांच्या काळातल्या कायद्यापाशी जेवढा धीर होता, तेवढा आपल्या मोहल्ल्यापाशी नाही.

आणि या सगळ्यात जिचे नाव कुणी घेत नाही, ती बायको. मी तक्रार घरात सांगितली तेव्हा बायको थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला वाटलं, मीच आवडेनाशी झाले.” वर्षभर ती हे मनात ठेवून भाकरी थापत होती. मला या दुखण्यातले सगळ्यात जास्त ते वाक्य लागले. कुरआनने पती-पत्नीच्या नात्याला वस्त्राची उपमा दिली आहे, हे मी कितीतरी निकाहांच्या खुतब्यांत ऐकले होते. वस्त्र अंगाला चिकटून असते, त्याला जखम कुठे आहे ते माहीत असते. पुढच्या तपासणीला ती माझ्याबरोबर आली. डॉक्टरांनी तिलाही सगळे समजावले, काय घ्यायचे आणि छातीत दुखले तर काय सांगायचे. आज माझ्या औषधांची यादी तिच्या मोबाईलमध्ये आहे. साडूभाईंना वाचवले तेही घरातल्या बाईला माहीत असण्याने. माहीत झाले ते चोरून, एवढाच फरक.

तरुणांसाठी दोन शब्द. निकाहच्या आधी दोस्तमंडळी ‘भेट’ म्हणून ही गोळी देतात, हा नवा रिवाज आला आहे. पंचवीस वर्षांच्या निरोगी मुलाला पहिल्या रात्री भीती वाटणे हा आजार नाही. दोन अनोळखी माणसे, थकवा, दाराबाहेर हसणाऱ्या बहिणी-भावजया. शरीराने ऐकले नाही तर नवल काय? दोन दिवस गप्पा मारा. गोळीने सुरुवात केली की मन म्हणू लागते, गोळीशिवाय जमणार नाही, आणि मग खरोखरच जमत नाही. मोबाईलवर जे बघून तुलना करता, तो धंदा आहे, संसार नाही. तक्रार टिकून राहिली तर डॉक्टरकडे जा. कारण तरुण वयातही शुगर निघते. आणि गुटखा, सिगारेट सोडा. रक्तवाहिन्यांवर त्यांचा परिणाम होतो, तो मर्दानगीच्या सगळ्या जाहिरातींहून खरा आहे.

आमच्या मस्जिदीच्या हॉलमध्ये दरवर्षी शुगर-बीपीचे शिबिर होते. या वर्षी मी ट्रस्टींना विनंती केली आहे की पुरुषांसाठी एक पडदा लावून वेगळे टेबल ठेवा, तिथे फक्त डॉक्टर आणि तपासायला आलेला माणूस, तिसरे कुणी नाही. एक-दोघे हसले. एका वयस्कर ट्रस्टींनी मात्र विचारले, “पडदा किती मोठा लागेल?”

ज्यांना तिथेही तोंड उघडवणार नाही, त्यांनी एक करावे. एका कागदावर लिहावे : ‘ताठरतेची तक्रार आहे, इतक्या महिन्यांपासून. या गोळ्या चालू आहेत. छातीची गोळी आहे / नाही. अमुक गोळी अमुक दिवशी घेतली.’ घडी घालावी आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी. बोलायची गरज नाही. पुढचे ते विचारतील. त्याच कागदाची एक नक्कल घरात, बायकोला माहीत असेल अशा जागी ठेवावी.